काजव्यांचा फोटो: दोन रात्री झाडाखाली, दीड महिना लॅपटॉपपुढे

आमचा हौशी लोकांचा एक फोटोग्रुप आहे, वीस-बावीस जण असतील, कुणी बँकेत, कुणी दाताचा डॉक्टर, एक जण रिक्षा चालवतो आणि त्याचे पक्ष्यांचे फोटो आम्हा सगळ्यांपेक्षा भारी असतात. दर रविवारी ज्याला टाकायचा त्याने एकच फोटो टाकायचा आणि बाकीच्यांनी नीट बोलायचं, अंगठा दाखवून पळायचं नाही, एवढाच नियम. तर २०२४ च्या जूनमधल्या एका रविवारी मी माझा काजव्यांचा फोटो टाकला, मोठ्या ऐटीत, कारण त्यावर दोन रात्री आणि मग किती संध्याकाळी घातल्या होत्या ते माझं मला माहीत आणि घरच्यांना माहीत. धडाधड वा वा आलं. मग ग्रुपमधले एक काका आहेत, सत्तरीच्या पुढचे, ज्यांनी अर्धं आयुष्य डार्करूममध्ये घालवलंय, त्यांचा मेसेज आला. "किती मिनिटांचा फोटो आहे हा?"

मी लिहिलं, दीड तासाचा, काका, ३०० च्या वर फ्रेम, म्हणजे वेगवेगळे फोटो, एकत्र जोडलेत. त्यावर त्यांचं परत, "मग तू तिथे उभा होतास तेव्हा एकदा तरी असं दिसलं का?"

डोकंच फिरलं माझं. पण ते नंतर, आधी गेलो कसा ते सांगतो.

लोकसभेचा निकाल ४ जूनला लागला आणि आम्ही तिघं ५ ला सकाळी पुण्याहून निघालो, त्यामुळे आळेफाट्यापर्यंत गाडीत काजव्यांचा क सुद्धा निघाला नाही, नुसत्या जागांची बेरीज-वजाबाकी. तारीख मात्र मी तीन महिने आधीच धरून ठेवली होती कारण ६ जूनला अमावस्या होती. काजव्यांचा सीझन आपल्याकडे सह्याद्रीत मेच्या शेवटापासून पाऊस नीट लागेपर्यंत, म्हणजे कसेबसे दोन-तीन आठवडे, त्यात अंधारी रात्र पाहिजे, त्यात वारा नको, त्यात वळवाचा पाऊस नेमका त्याच वेळी नको, आणि त्यात शनिवार-रविवार अजिबात नको. शनिवारी भंडारदऱ्याला मी आधी एकदा गेलेलो आहे. काजव्यांपेक्षा गाड्यांचे हेडलाइट जास्त आणि प्रत्येक झाडाखाली कुणीतरी मोबाइलचा टॉर्च मारून "अरे दिसत नाहीयेत" म्हणतंय. अरे बाबा टॉर्च बंद कर म्हणजे दिसतील. त्या किड्याचा सगळा संसार त्या उजेडावर चाललेला असतो, नर चमकत फिरतो, मादी झुडपात बसून उत्तर देते, त्यात तू पांढरा झोत मारलास की बोलणंच तुटतं त्यांचं.

म्हणून बुधवार-गुरुवार. कोतूळ, राजूर करत शेंडीला पोचलो, वनखात्याच्या नाक्यावर पावती फाडली आणि रतनवाडीच्या बाजूला एका गावात राहिलो. गावाचं नाव मुद्दाम देत नाही, कारण वर सांगितलंच. ज्यांच्याकडे राहिलो ते मामा साठीचे, त्यांच्या शेताच्या बांधाला विहिरीपाशी एक जुना सादडा आहे, खोडावर मगरीच्या पाठीसारखी साल, आणि एक फांदी डावीकडे लांब, पार विहिरीवर आलेली. मामा म्हणाले, "लांब कुठं जाता, याच्यावरच उतरत्यात." आम्ही तरी दोन-चार हिरडे, जांभळं बघून आलो आणि शेवटी तिथेच आलो. म्हणजे शहाणपणा करून दोन किलोमीटर पायपीट फुकट.

आता थोडं टेक्निकल, कारण मला हे कुणी आधी सांगितलं असतं तर पहिली रात्र वाया गेली नसती. काजव्याच्या फोटोत शटर किती वेळ उघडं ठेवलंय याने काजव्याचा ठिपका उजळ होत नाही. तो चमकतो क्षणभर, विझतो. तुम्ही १५ सेकंद ठेवा नाहीतर ३०, एका चमकेचा ठिपका तेवढाच उजळ. तो ठरतो फक्त अ‍ॅपर्चर (लेन्सचं छिद्र किती उघडं) आणि आयएसओवर (कॅमेरा उजेड किती वाढवून घेतो). वेळ वाढवला की दोनच गोष्टी होतात, एक तर ठिपक्यांची संख्या वाढते आणि दुसरं म्हणजे मागचं झाड-आकाश उजळतं. हे डोक्यात बसलं की सगळं सोपं होतं. मला वाटायचं अंधार आहे ना, मग लावा आयएसओ ३२००, लेन्स पूर्ण उघडी एफ १.८. पहिल्या रात्री तेच केलं. सगळे ठिपके मधून पांढरे फटक! काजव्याचा जो पोपटी-पिवळा रंग असतो, ज्याच्यासाठी आपण गेलो, तोच गायब, आणि एकदा तो पांढरा झाला की रॉ, म्हणजे कॅमेऱ्याची कच्ची फाइल असली तरी मधला रंग परत येत नाही. कडेला थोडी हिरवी झालर राहते तेवढीच.

पहिल्या रात्रीची दुसरी गंमत तर याहून भारी. माझा कॅमेरा निकॉनचा डी ७५००, सेकंडहँड घेतलेला, लेन्स ३५ एमएम. वायरचा रिमोट लावला, कॅमेरा कंटिन्युअसवर, रिमोटचं बटण दाबून लॉक केलं की आपोआप १५-१५ सेकंदाच्या फ्रेम पडत राहतात, मी खुशाल मामांच्या ओट्यावर जाऊन बसलो. मामींनी तांदळाची भाकरी आणि पिठलं दिलं होतं ते खाल्लं. तासाभराने येऊन बघतो तर फ्रेम ११७. मिनिटाला चार म्हणजे तासाला २४० पडायला हव्यात ना? मग निम्म्या गेल्या कुठे? बघत उभा राहिलो तर प्रत्येक फ्रेमनंतर वर स्क्रीनवर जॉब एनआर, जॉब एनआर असं लुकलुकतंय. लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन चालू राहिलेलं! म्हणजे १५ सेकंद फोटो, मग तेवढेच १५ सेकंद कॅमेरा शटर बंद करून स्वतःचाच काळा फोटो काढणार आणि त्यातला नॉइज, म्हणजे अंधारात फोटोवर येणारे खोटे ठिपके, वजा करणार. एकटा-दुकटा फोटो असेल तर चांगली सोय आहे ती, पण इथे मात्र माझे अर्धे काजवे कॅमेऱ्याचे डोळे मिटलेले असताना चमकून गेले. हसावं का रडावं कळेना. तो राग डोक्यात घेऊन अंधारात वळलो आणि बांधाच्या दगडाला अंगठा असा आपटला की डोळ्यापुढे खरोखरचे काजवे चमकले, पुढचे खरे आणि माझे, दोन्ही एकदम. मित्र म्हणाला, "हे तरी टिपलंस का?"

आणि तिसरं, नंतर बघताना कळलं, फोकस किंचित हललेला. हवेत दमटपणा एवढा होता की लेन्सवर धुकं येत होतं, ते पुसताना फोकस रिंगला हात लागला असणार. पहिल्या रात्रीचं सगळं बाद.

दुसऱ्या रात्री मात्र शाळेतल्या हुशार मुलासारखं वागलो. उजेड असतानाच, साधारण सव्वासातला, ट्रायपॉड लावला, त्याच्या मधल्या हुकाला दगड भरलेली पिशवी लटकवली, झाडाच्या खोडावर ऑटोफोकस केला, मग मॅन्युअलवर टाकून रिंगला चिकटपट्टी. लेन्समधलं व्हीआर, म्हणजे हाताचा कंप सावरणारी सोय, वगैरे असेल तर ट्रायपॉडवर ते पण बंद करायचं, माझ्या लेन्सला नाहीच आहे. लाँग एक्स्पोजरवालं बंद केलं, दोनदा बघितलं. आयएसओ १६००, एफ २, १५ सेकंद, व्हाइट बॅलन्स ऑटो नाही, ४००० केल्विनला बांधून टाकला, नाहीतर प्रत्येक फ्रेमचा रंग वेगळा येतो आणि मग जुळवत बसा. लेन्सच्या तोंडाभोवती जुना मोजा गुंडाळला, त्यात हात शेकायची एक गरम पुडी, धुकं आलं नाही. मोज्याला ग्रुपवर नंतर बरीच टिंगल झाली पण उपाय शंभर टक्के चालतो.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, काजवे यायच्या आधी, आकाश निळं-जांभळं असताना झाडाच्या पाच-सहा साध्या फ्रेम काढून ठेवल्या. बेस फ्रेम म्हणतात त्याला. नंतर ठार अंधारात झाडाचं खोड, साल काही येत नाही, येतो तो नुसता नॉइज. मग ट्रायपॉडला हात लावायचा नाही. मी तर मित्रांना झाडापासून लांब, विहिरीच्या पलीकडे बसवलं.

पावणेआठच्या सुमारास पहिला चमकला. मग तिथे एक, इथे दोन. मग दहा मिनिटं काही वाढेना आणि मला वाटलं आज नाहीच. आणि मग कसं सांगू, झाडाच्या उजव्या अंगाला एकदम पन्नास-साठ पेटले, विझले, आणि तीच लाट डावीकडे सरकत गेली, विहिरीवरच्या फांदीपर्यंत, आणि पूर्ण काळोख. एक-दोन श्वास नुसता काळोख. परत उजवीकडून लाट. कुणीतरी झाडावर फुंकर मारतंय आणि निखारे फुलतायत असं. कॅमेरा आपला खट्, खट् करत होता, मी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. आमच्यातला सगळ्यात बडबड्या माणूस तासभर गप्प होता, हे मी आजवर दुसऱ्यांदाच पाहिलं, पहिल्यांदा दाढ काढली होती तेव्हा. मामा मागे येऊन उभे राहिले, म्हणाले, "आता आठ-दहा दिवसात लागतो पाऊस." साडेनऊला थेंब पडायला लागले. घाईघाईने लेन्सला टोपी घातली आणि टोपी लावलेलीच ठेवून त्याच सेटिंगला दहा काळ्या फ्रेम घेतल्या, त्या पुढे नॉइज वजा करायला लागतात. म्हणजे जे काम पहिल्या रात्री कॅमेरा प्रत्येक फ्रेमला करत होता ते आता एकदाच, शेवटी.

घरी आल्यावर खरी कसोटी. साडेतीनशेच्या वर रॉ फाइल, प्रत्येक पंचवीस एमबीच्या आसपास, आणि माझा लॅपटॉप ८ जीबी रॅमचा, बिचारा. आधी सगळ्या फ्रेम एकेक करून बघितल्या. चाळीसेक फेकल्या, कुठे लांबच्या वळणावरून गाडीचा झोत झाडावर आलेला, कुठे विमान, एकीत आमच्याच मित्राने सिगरेट पेटवलेली, त्याला अजून ऐकवतो मी. मग लाइटरूम या एडिटिंगच्या प्रोग्रॅममध्ये एका फ्रेमवर काम केलं आणि तेच सगळ्यांना सिंक. फोटोशॉपमध्ये सगळ्या फाइल एकावर एक लेयर करून उघडायची स्क्रिप्ट असते, फाइल, स्क्रिप्ट्स, लोड फाइल्स इंटू स्टॅक. मग वरच्या सगळ्या लेयर निवडून ब्लेंड मोड लायटन. लायटन काय करतं तर प्रत्येक ठिकाणी सगळ्या लेयरमधला जो सर्वात उजळ पिक्सेल असेल तो ठेवतं. म्हणजे कुठल्याही फ्रेममध्ये तिथे काजवा चमकला असेल तर तो राहतो. साठ लेयरला लॅपटॉपने मान टाकली. मग तीस-तीसचे गट केले, प्रत्येक गट एकात मिळवला, मग ते दहा एकत्र. ज्यांच्याकडे फोटोशॉप नाही त्यांनी स्टारस्टॅक्स वापरा, फुकट आहे, तारे फिरलेले दाखवायला केलेलं आहे पण काजव्यांना तेच लागतं, फक्त रॉ आधी टिफ किंवा जेपेग करून द्यावी लागते. काळ्या फ्रेम पण घेतं ते.

इथे एक खड्डा आहे ज्यात मी पडलो. लायटन उजळ पिक्सेल ठेवतं, पण नॉइज म्हणजे पण उजळ पिक्सेलच की! ३०० फ्रेममधला प्रत्येक ठिकाणचा सगळ्यात वाईट नॉइज गोळा होऊन आला. काळी रात्र राखाडी झाली, त्यात लाल-निळे ठिपके. दोन दिवस मला कळेना की एकेक फ्रेम एवढी स्वच्छ आणि बेरीज एवढी घाण कशी. उपाय साधा होता, लायटन करायच्या आधीच प्रत्येक फ्रेमचे ब्लॅक्स, म्हणजे गडद भाग, एवढे खाली ओढायचे की काजवे सोडून सगळं ठार काळं होईल. झाड त्यातून येऊच द्यायचं नाही, झाड येणार संध्याकाळच्या बेस फ्रेममधून. त्या पाच-सहा फ्रेमचा मात्र मीडियन काढला, तिथे उलटं होतं, मधलं मूल्य घेतल्यामुळे नॉइज निघून जातो आणि साल अशी स्वच्छ येते की हात फिरवावासा वाटेल. बेसचं एक्स्पोजर उतरवून रात्र केली आणि वर काजव्यांची लेयर.

राहिली ती डावीकडची फांदी. वाऱ्याने ती हलत होती, त्यामुळे बेसमध्ये फांदी एका जागी आणि तिच्यावरचे काजवे वीतभर खाली हवेत लटकलेले. मास्क करून बघितलं, सरकवून बघितलं, काही जमेना. मग रात्री दीड वाजता कंटाळून क्लोन स्टँप घेतला, म्हणजे शेजारचा भाग उचलून वर छापायचं हत्यार, आणि फांदीच उडवली. झाड गोल, गुटगुटीत, कॅलेंडरवर असतं तसं झालं. चमचमतंय नुसतं. बायको म्हणाली, "हे आपल्या कोपऱ्यावरच्या मंगल कार्यालयासारखं दिसतंय." मी म्हटलं तुला कळत नाही. आणि ग्रुपवर टाकला.

आणि मग तो काकांचा प्रश्न.

खरं तर मी आधी भांडलो. म्हटलं काका, सगळे असंच करतात, सगळे काजवे तिथलेच आहेत, मी एकही बाहेरून आणलेला नाही. काका म्हणाले, "अरे चोरी केलीस असं कुठे म्हणतोय मी. डार्करूममध्ये आम्ही पण ढग दुसऱ्या निगेटिव्हमधून आणायचो. पण तू लाट लाट म्हणून चार दिवस सांगतोयस, ती या फोटोत कुठाय?" मग सहज म्हटल्यासारखं, "आणि त्या फांदीचं काय झालं?" मागच्या आठवड्यात मी कॅमेऱ्याच्या मागचा स्क्रीन मोबाइलवर टिपून ग्रुपवर टाकला होता, त्यात फांदी होती. म्हाताऱ्याची नजर बघा.

दोन दिवस फुगून बसलो आणि मग त्याच फाइल परत उघडल्या. ३०० फ्रेम एकत्र केल्या की दीड तासातली प्रत्येक चमक एकदम पेटलेली दिसते, म्हणजे जी गोष्ट आम्ही तोंड उघडं टाकून बघत होतो, पेटणं आणि मधला काळोख, तीच नेमकी मरते. मग १० फ्रेम घेऊन बघितल्या, विरळ झालं, नुसतं खरजेसारखं. ६० ला परत लग्नाचा हॉल सुरू. शेवटी २४ वर थांबलो, म्हणजे सहा मिनिटं, आणि सलग सहा मिनिटं, इथून एक चांगली तिथून एक चांगली अशी निवड नाही. साडेआठनंतरचा एक तुकडा मिळाला ज्यात उजवीकडे दाट आणि डावीकडे जाताना विरळ होत गेलेत. लाट नाही म्हणणार मी त्याला, पण तिच्या जवळपास जाणारं काहीतरी आहे. आणि नशिबाने त्या सहा मिनिटांत वारा पडलेला होता. फांदी जागेवर. क्लोन पुसला, फांदी परत आणली.

दुसऱ्यांदा टाकताना फोटोखाली लिहिलं, २४ फ्रेम, प्रत्येकी १५ सेकंद, बेस संध्याकाळची. हे मी आता नेहमी लिहितो. आणि डॉक्युमेंट म्हणून पाठवला, फोटो म्हणून पाठवला की व्हॉट्सअ‍ॅप त्याला असा दाबतं की काळ्या आकाशात पायऱ्या-पायऱ्या दिसतात. त्या पायऱ्या घालवायला मी वर अगदी बारीक ग्रेन पण टाकला. म्हणजे आठ दिवस नॉइज काढला आणि शेवटी चिमूटभर परत घातला, मीठ घालतात तसा. यावेळी वा वा निम्मंच आलं. रिक्षावाल्या मित्राने लिहिलं, आधीचा जास्त चमकत होता राव. काकांनी काहीच लिहिलं नाही, फक्त फोन करून विचारलं, प्रिंट काढणार आहेस का.

प्रिंटची पण वेगळीच तऱ्हा. १२ बाय १८ मॅट काढला तर कोळसा. खोड नाही, साल नाही, काळ्यात चार पिवळे ठिपके. प्रिंटवाल्याची काही चूक नव्हती, माझ्या लॅपटॉपचा ब्राइटनेस कायम फुल असतो आणि कागदाला मागून दिवा नसतो. मग ब्राइटनेस निम्म्यावर आणून परत एडिट केलं, छोट्या ६ बाय ८ च्या तीन ट्रायल काढल्या, प्रत्येक थोडी अधिक उजळ, आणि तिसरी बरी वाटली. जुलै संपत आला होता तोवर.

२०२५ ला परत जायचं ठरलेलं, २७ मेची अमावस्या धरून. पण मान्सून २६ मेलाच मुंबईत दाखल, त्याच्या आधीपासूनच सगळीकडे धो धो, बेत अक्षरशः पाण्यात. शेवटी डिसेंबरात नुसतेच फिरायला गेलो आणि मामांसाठी प्रिंट फ्रेम करून नेली. मामांनी ती दोन्ही हातात धरून बल्बखाली नेली, बराच वेळ बघितली. मी वाट बघतोय काजव्यांबद्दल काय म्हणतात. मामींना हाक मारली, "अगं ए, बघ गं, फांदी हाय यात." आणि मग माझ्याकडे वळून, "औंदा आषाढात पडली ती, दादा. विहिरीतच गेली. दोन दिवस काढत होतो."

मी चप्पल घालून बाहेर जाऊन बघून आलो. सादडा डावीकडून उघडा पडलेला, आणि विहिरीवर नुसतं आभाळ.